मेगाहर्ट्झचा मोह
गिरगावालगतच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, ऑसिलोस्कोपचा नवा प्रोब घेताना नजर आधी मेगाहर्ट्झवर जाते. ऑडिओवाल्याला त्याचं एवढं काय? कानाची धाव 20 किलोहर्ट्झपर्यंत. अ‍ॅम्प्लिफायर चोरून मेगाहर्ट्झमध्ये थरथरत असेल, तर ते पकडायलाही 60 मेगाहर्ट्झचा प्रोब पुरतो. खरी गोम कपॅसिटन्समध्ये. 1एक्सवर प्रोब सर्किटवर साधारण 100 पिकोफॅरडचा भार टाकतो. 100 किलोओहमच्या बिंदूवर तेवढ्यानेच 16 किलोहर्ट्झच्या आसपास सिग्नल बसतो. 10एक्सवर हा भार पंधराएक पिकोफॅरड. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लेटवर 300-400 व्होल्ट सहज असतात, तेव्हा प्रोबची व्होल्टमर्यादा वाचलेली बरी. शिवाय स्कोपच्या इनपुटची कपॅसिटन्स प्रोबच्या जुळवणीच्या टप्प्यात हवी. नाहीतर स्क्रू कितीही फिरवा, 1 किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीचे कोपरे वाकडेच.