एकाच घरात एकाला एच.आय.व्ही., दुसऱ्याला नाही : असे का?



एच.आय.व्ही.ने नवरा गेला आणि तपासणीत बायकोला लागण नाही असे निघाले, तर शेजारपाजार म्हणतो, 'नवऱ्याला खाऊन बसली!' तिलाही लागण निघाली, तर तिच्याच चालचलणुकीवर बोट. म्हणजे अहवाल काहीही येवो, दोषी बाईच! हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवाले, वणीच्या कोळसा खाणीतले कामगार, हंगामापुरते गाव सोडणारे मजूर. कामासाठी घरापासून दूर राहावे लागणारी माणसे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी आहेत. म्हणून या प्रश्नाचे खरे उत्तर आपल्या घरांत माहीत असले पाहिजे.

पहिली गोष्ट, एच.आय.व्ही. हा पिढीजात रोग नव्हे. तो लैंगिक संबंधातून, दूषित रक्तातून किंवा सुईतून आणि आईकडून बाळाला होतो. पण लागण कोणाला सहज होते, कोणाला होत नाही, यात आनुवंशिकतेचा थोडा वाटा आहे. तो समजायला आपल्या ओळखीचा सिकलसेल घ्या. मुलाला एक जनुक आईकडून मिळतो, एक बापाकडून. एकच सदोष असेल तर मूल वाहक. दोन्ही सदोष असतील तर आजारी.

हाच हिशेब इथेही लागतो. एच.आय.व्ही.चा विषाणू रक्तातल्या सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशीत शिरतो. त्यासाठी त्याला पेशीवरचे एक दार लागते. त्याचे नाव सीसीआर-५. काही माणसांच्या जनुकात ३२ अक्षरांचा तुकडा जन्मतःच गळालेला असतो आणि हे दारच तयार होत नाही, असे १९९६ साली शास्त्रज्ञांना आढळले. असा जनुक आईबाप दोघांकडून आला, तर बहुतेक विषाणूंना आत शिरता येत नाही. एकाकडूनच आला, तर लागण होऊ शकते, पण आजार सावकाश वाढतो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत असे दुहेरी जनुक असणारा १०० मध्ये साधारण एक सापडतो. भारतात तो फारच दुर्मीळ. शिवाय काही विषाणू दुसऱ्या दाराने शिरतात, म्हणजे पूर्ण खात्री त्यांनाही नाही.

दुसरा वाटा एच.एल.ए. नावाच्या जनुकांचा. पेशीत शत्रू शिरला की त्याचे तुकडे बाहेर दाखवून शरीराच्या लढाऊ पेशींना जागे करायचे, हे यांचे काम. यातल्या बी-५७ किंवा बी-२७ प्रकारांमुळे काही थोडे लोक औषधाविना वर्षानुवर्षे विषाणू दाबून ठेवतात. पण लागण त्यांनाही झालेलीच असते.

मग त्या बाईला लागण का झाली नाही? बहुतेक वेळा कारण जनुक नसते. प्रत्येक संबंधातून लागण होतेच असे नाही. विषाणू नवा असताना किंवा औषध सुरू नसताना, तसेच गुप्तरोगाचे व्रण असताना धोका वाढतो. निरोधाने आणि औषधाने तो खूप कमी होतो. 'आमचे रक्त जोरदार' म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अंडी-दूध खाऊन शरीर कमावले तरी लागण टळत नाही, कारण रोगाशी लढणाऱ्या पेशींनाच हा विषाणू धरतो. आणि रक्ताच्या थोरवीचा हिशेब तर आपण केव्हाच फेकून दिला आहे. तो डॉक्टरी भाषेत पुन्हा घरात कशाला आणायचा?

आपली लागण कळण्याचा मार्ग एकच, तपासणी. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी केंद्रात ती मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. धोका नुकताच घडला असेल तर ३ महिन्यांनी पुन्हा करावी. एआरटी औषधे सरकारने २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात केली. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ती मिळतात. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचार नसतील तर लागण असलेल्या १०० मातांमागे १५ ते ४५ बाळांना ती होते. वेळेवर उपचार घेतल्यास पाचाहूनही कमी. आणि २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याने अशा बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. तिला लागण असो वा नसो, नवऱ्यामागे तिला घराबाहेर काढता येत नाही.

आमच्या माता-भगिनींना आणि बांधवांना आमचे एवढेच सांगणे : आपल्या वस्तीत अशी एखादी बाई असेल, तर तिच्या रक्ताची आणि चारित्र्याची चौकशी बंद करा. 'तपासणी झाली का? गोळ्या वेळेवर मिळतात का?' एवढेच विचारा आणि दवाखान्यात जायला तिला सोबत करा. माहितीसाठी १०९७ हा फोन फुकट आहे.