जनुके मोजली, चक्कर कोण मोजणार?

जीनोम इंडिया प्रकल्पाची विदा ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांसाठी खुली झाली, तेव्हापासून एक वाक्य सतत कानी येते : आता भारतीयांच्या रोगांची जनुके सापडतील. ऐंशीहून अधिक लोकसमूह, दहा हजारांच्या घरातील व्यक्तींचे संपूर्ण जनुकसंच, त्यांत नोंदले गेलेले सुमारे १८ कोटी जनुकीय भेद. वीस संस्थांनी मिळून केलेले हे काम खरोखर मोठे आहे. त्या वाक्यातला 'आता' मात्र मला खटकतो. का, ते सांगण्यासाठी एकच व्याधी घेते : व्हेस्टिब्युलर मायग्रेन, म्हणजे माणसाचा तोल हिरावणारी अर्धशिशी.

या व्याधीत अंथरुणावर निजलेल्यालाही खोली फिरताना भासते, चालताना पायांखालची जमीन होडीसारखी हलते, मान वळवली की पोटात ढवळते. हल्ला कधी पाच मिनिटांत ओसरतो, कधी तीन दिवस ठाण मांडतो. गोम अशी की त्या वेळी डोके दुखेलच असे नाही, आणि डोके दुखत नसताना अर्धशिशीचा विचार कोण करतो? मग कुणाच्या गळ्यात मानेचा पट्टा येतो, कुणाला पित्ताच्या गोळ्या मिळतात. ही व्याधी स्त्रियांत अधिक आढळते, आणि त्यांच्या वाट्याला बहुधा 'अशक्तपणा आहे' एवढेच निदान येते. बारानी सोसायटी आणि आंतरराष्ट्रीय शिरोवेदना संघटना यांनी निदानाचे निकष एकत्रितपणे मांडले तेच मुळी २०१२ मध्ये : असे किमान पाच हल्ले, अर्धशिशीचा आजचा किंवा पूर्वीचा इतिहास, निम्म्या तरी हल्ल्यांत अर्धशिशीची एखादी खूण, आणि दुसऱ्या कारणाने अधिक चांगला उलगडा न होणे. निदान पक्के करणारी रक्तचाचणी नाही, स्कॅनही नाही. मोजमापाचे मुख्य उपकरण म्हणजे रुग्णाला विचारलेले प्रश्न.

जनुकांच्या बाजूने पाहिले तर सुरुवात फार आशादायक होती. अंगाची एक बाजू तात्पुरती लुळी पाडणारी अर्धशिशी काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. १९९६ मध्ये तिचे मूळ सीएसीएनए१ए या जनुकात सापडले, आणि त्याच शोधनिबंधात हेही दिसले की याच जनुकातील वेगळ्या बिघाडांनी 'एपिसोडिक अटॅक्सिया २' ही चक्कर आणि तोल जाण्याचे झटके आणणारी व्याधी होते. पुढे २००३ मध्ये एटीपी१ए२ आणि २००५ मध्ये एससीएन१ए ही आणखी दोन जनुके अशाच कौटुंबिक अर्धशिशीशी जोडली गेली. तिन्ही जनुके पेशीपटलातून आयनांची ने-आण करणाऱ्या प्रथिनांची.

इथे भौतिकीच्या माणसाला मोह आवरत नाही. चेतापेशीच्या पटलाची जाडी सुमारे पाच नॅनोमीटर आणि त्याच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब सुमारे सत्तर मिलिव्होल्ट. भागाकार करून पाहा : मीटरमागे जवळजवळ दीड कोटी व्होल्ट! कोरड्या हवेत तीस लाखांना ठिणगी पडते. एवढ्या तीव्र क्षेत्रात बसलेले कॅल्शियम चॅनेल दाबातल्या किंचित फरकाने उघडते वा मिटते. ते सहज उघडू लागले तर अर्धशिशी, त्याचे काम मंदावले तर तोलाचे झटके. ढोबळमानाने असे हे चित्र आहे. आणि हे चॅनेल लहान मेंदूच्या ज्या पर्किंजे पेशींत विपुल असते, त्या पेशी तोल सावरण्याच्या कामात अग्रभागी असतात. यापेक्षा सुबक गृहीतक कोणते असणार?

पण व्हेस्टिब्युलर मायग्रेनच्या थोड्या रुग्णांत ही तिन्ही जनुके २००६ मध्ये तपासली गेली, तेव्हा त्यांत रोगकारक बदल सापडले नाहीत. त्याच वर्षी, वारंवार चक्कर येणाऱ्या कुटुंबांच्या अभ्यासाने बाविसाव्या गुणसूत्राच्या एका पट्ट्याकडे बोट दाखवले. २००९ मध्ये एका चार पिढ्यांच्या कुटुंबाने पाचव्या गुणसूत्राकडे. प्रत्येक घराची वाट निराळी.

सर्वसाधारण अर्धशिशीच्या बाबतीत संख्याबळ कामी आले. २०२२ मध्ये एक लाखाहून अधिक रुग्ण आणि सुमारे पावणेआठ लाख इतर व्यक्ती यांच्या तुलनेतून जनुकसंचातली १२३ स्थाने हाती लागली. सगळ्यांचे वंशमूळ युरोपीय, हे जाताजाता नोंदवते. मला त्या अभ्यासातला एक छोटा भाग अधिक मोलाचा वाटतो. सुमारे तीस हजार रुग्णांच्या बाबतीत 'हल्ल्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या रेषा येतात का', म्हणजे ऑरा असतो का, याची नोंद उपलब्ध होती. ते रुग्ण वेगळे काढल्यावर केवळ ऑरा असलेल्या अर्धशिशीशी जुळणारी तीन स्थाने दिसली आणि त्यांतले एक होते सीएसीएनए१ए. १९९६ चे जनुक परतले, कारण कुणीतरी रुग्णांना एक जादा प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवले होते.

उलट बाजूचे गणितही पाहण्यासारखे आहे. शंभर 'रुग्णांपैकी' पन्नास जणांना मुळात दुसराच आजार असेल, तर जनुकाचा दिसणारा प्रभाव साधारण निम्मा होतो आणि तो पकडण्यासाठी चौपट नमुने लागतात. ढिसाळ निदानाची किंमत अशी वर्गाने वाढते. भौतिकीच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत आपण हेच शिकतो, तरी जनुकशास्त्राची बातमी आली की नमुन्यांच्या संख्येपुढे हरखून जातो.

जीनोम इंडियातल्या व्यक्ती निरोगी म्हणून निवडलेल्या होत्या. संदर्भासाठी तेच योग्य. प्रकल्पाला दोष देण्याचे कारण नाही. पण चकरेची जनुके त्यातून आपोआप उमलणार नाहीत. आणि आपल्याकडे शोधण्यासारखे पुष्कळ आहे. कर्नाटकात घरोघर केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी २५ टक्क्यांना वर्षभरात अर्धशिशी असल्याचे आढळले. शिवाय, २०१७ च्या एका अभ्यासानुसार दक्षिण आशियातील २६३ समूहांपैकी ८१ समूहांत थोड्याच पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक आहे. समूहांतर्गत विवाहांच्या रूढीचे हे फळ आहे आणि तिचे समर्थन मी करणार नाही. परंतु एखाद्या दुर्मीळ जनुकीय बदलाचा माग अशा समूहांत काढणे सोपे जाते, हेही खरे.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगते. जनुकवाचनाच्या पुढच्या टप्प्यासाठी जो निधी मागितला जाईल, त्याचा एक ठरावीक वाटा लक्षणांच्या नोंदीसाठी राखून ठेवावा. मेंदूविकार आणि कान-नाक-घसा या दोन्ही विभागांत एकच प्रश्नावली असावी. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना माणशी चार-पाच मिनिटेही मिळत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. प्रश्न विचारण्याचे काम प्रशिक्षित विद्यार्थी करू शकतात. तोवर लाळेच्या नळीवरून 'तुमच्या अर्धशिशीचा जनुकीय धोका' सांगणारी खाजगी चाचणी कुणी विकू लागले, तर तिचे आकडे कोणत्या लोकसमूहावरून काढले आहेत एवढे जरूर विचारा.

प्रश्नावलीचे काम वाटते तितके सोपे नाही. घेरी, भोवळ, अंधारी, गरगरणे, झोक जाणे : मराठीत इतके शब्द आहेत आणि त्यांच्या सीमा घरागणिक बदलतात. खोली फिरते की डोके हलके होते, बसूनही होते की उठतानाच, हे वेगवेगळे आजार सुचवणारे प्रश्न आहेत. हिंदीत बहुतेक वेळा या सर्वांना एकच 'चक्कर' पुरते. तमिळ, बंगाली, संथाळीत लोक काय म्हणतात, त्या शब्दाने नेमके काय सांगू पाहतात, याची पडताळणी त्या त्या भाषेच्या माणसांनाच करावी लागेल. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी भाषाशास्त्राचे विद्यार्थी असतील, तर हे काम त्यांचेही आहे.