जात कायद्यात लिहा

प्रति,
माननीय समता मंत्री,
ब्रिटन सरकार, लंडन

महोदय,

मिल्टन कीन्समधल्या एका घरात बिहारची एक आदिवासी बाई साडेचार वर्षे राबली. दिवसाचे अठरा तास, आठवड्याचे सातही दिवस, मोबदला तासाला अकरा पेन्स. 2015 मध्ये तुमच्या रोजगार न्यायाधिकरणाने थकलेल्या किमान वेतनापोटी तिला 1,83,773 पौंड देण्याचा आदेश तिच्या मालकांना दिला.

पगाराचा हिशेब त्यातल्या त्यात सोपा होता. तास मोजायचे, दराने गुणायचे. पण हलक्या मानल्या गेलेल्या कुळात जन्मली म्हणून तिला असे वागवले गेले, ही तक्रार कोणत्या कलमाखाली मांडायची? 2010 च्या समता कायद्याच्या नवव्या कलमात रंग आहे, राष्ट्रीयत्व आहे, वांशिक आणि राष्ट्रीय मूळ आहे. जात नाही. मालकांनी जातीचा मुद्दाच दाव्यातून वगळावा म्हणून अपील केले. डिसेंबर 2014 मध्ये अपील न्यायाधिकरणाने ते फेटाळले आणि जात काही प्रकरणांत ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकते, असे म्हटले.

बसू शकते, बसतेच असे नाही. म्हणजे उद्या लेस्टरच्या कारखान्यातल्या किंवा साउथॉलच्या हॉटेलातल्या कामगाराने असा दावा लावला, तर आपली जात त्या शब्दांत बसते हे आधी त्याने सिद्ध करायचे, अपमानाचे नंतर बघू. समोर मालकाचा वकील.

खरे तर तुमच्या संसदेने 2013 मध्येच हा प्रश्न सोडवला होता. जातीचा समावेश करणे तोवर मंत्र्यांच्या मर्जीवर होते, ते संसदेने बंधनकारक केले. पुढे सल्लामसलत झाली आणि 2018 मध्ये तेव्हाच्या सरकारने न्यायनिवाड्यांवरच विसंबायचे ठरवून ते बंधनच काढण्याचा इरादा जाहीर केला. 2017 मध्ये तुमच्याच सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाची फी बेकायदा ठरवली, कारण तिच्यामुळे सामान्य कामगाराला न्यायाचे दार बंद होत होते. कायद्यातली संदिग्धता ही तशीच फी आहे, फक्त पावती मिळत नाही.

जात कायद्यात आली तर सगळा समाज बदनाम होईल, असे तिथल्या काही हिंदू संघटना म्हणतात. लिंगभेदाविरुद्ध कायदा आहे म्हणून ब्रिटनमधले सगळे पुरुष बदनाम झाले का? आणि ब्रिटनमध्ये जात उरलीच नाही, हे म्हणणे खरे असेल तर कलम नुसते पडून राहील. कुणाचे काय बिघडले? आम्हा मराठी माणसांना मात्र ठाऊक आहे, ‘आडनाव काय? गाव कुठले?’ हे दोन प्रश्न विमानातूनही प्रवास करतात. इंग्रज मॅनेजरला त्यातला डंख कळत नाही. कायद्यात शब्द आला, तर तो शिकून घेणे त्याला भाग पडेल.

लंडनमध्ये शिकताना डॉ. आंबेडकर किंग हेन्रीज रोडवरच्या दहा क्रमांकाच्या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने ते 2015 मध्ये विकत घेतले. तिथे जरूर जा, पण हार घालण्याआधी नवव्या कलमातली दुरुस्ती करा. संसदेने ते काम 2013 मध्येच तुमच्या खात्याकडे सोपवले आहे.

आपला,
एक मराठी वाचक