बोटुकली झाल्याशिवाय धरणात सोडू नये, पण तळ्यातच ठेवूनही चालत नाही



आज जाळ्याचं, बीजाचं, बर्फाच्या भावाचं काही नाही. आज एका पोराबद्दल लिहायचं आहे.

आपल्या एका सभासदाचा मुलगा फुटबॉलच्या निवड चाचणीत पुढं गेला, हे हळ्ळीखेडात बहुतेकांना कळलंच आहे. वय चौदा. आता त्याला बाहेरगावच्या क्रीडा वसतिगृहात राहायला जायचं आहे. घरात दोन मतं आहेत. बाप म्हणतो, कारंजाच्या पाण्यावर पहाटे दुसरा हात लागतो, तो गेला तर जाळं कोण ओढणार? आई म्हणते, जाऊ द्या की ओ, तो तरी पाण्याच्या बाहेर काही बघेल. गेल्या बैठकीत विषय निघाला आणि अर्धा तास त्यातच गेला. एक जण तर उठून म्हणाला, “सतरा वर्षांखालचे भारताकडून खेळलेले पोरं तरी कुठं गेले? कुणाला एक तरी नाव आठवतं का?”

प्रश्न रागात विचारला होता, पण चुकीचा नव्हता. म्हणून आम्ही ठरवलं, उत्तर नीट शोधून इथं लिहायचं.

2017 चा ऑक्टोबर आठवा. आपल्याकडं त्या महिन्यात सगळं बोलणं बिदर-कलबुर्गी रेल्वेचं होतं, 29 तारखेला ती सुरू झाली. त्याच महिन्यात आपल्या देशात सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक झाला. यजमान म्हणून भारताला जागा मिळाली. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारताचा संघ उतरला तो तेव्हा पहिल्यांदा. सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर. 6 ऑक्टोबरला अमेरिकेकडून 0-3, 9 ला कोलंबियाकडून 1-2, 12 ला घानाकडून 0-4. तिन्ही हरलो. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण त्या 21 पोरांत कोण होते ते बघा.

कर्णधार होता मणिपूरचा अमरजित सिंग. त्याचे वडील शेती आणि सुतारकाम करणारे, आणि आई इंफाळच्या बाजारात मासे विकणारी. होय मंडळी, मासे विकणारी. भारताचा पहिला विश्वचषक संघ घेऊन मैदानात उतरला तो कोळणीचा पोरगा. आपल्या बायका सकाळी पाटी घेऊन बाजारात बसतात, तशीच ती माउली बसत होती. आणि पोरगा लहानपणीच घर सोडून चंदीगडच्या अकादमीत राहायला गेला होता.

कोलंबियाविरुद्ध 82 व्या मिनिटाला भारताचा विश्वचषकातला पहिला गोल झाला. तो डोक्यानं मारला जॅक्सन सिंगनं, तोही मणिपूरचाच. कोपऱ्यावरून चेंडू टाकला संजीव स्टॅलिननं. हा बेंगळुरूचा, म्हणजे आपल्याच राज्याचा. त्याचे आईबाप रस्त्याच्या कडेला कपडे विकायचे. पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल केला ही गोष्ट वेगळी. पण तो गोल कुणी पुसू शकत नाही.

आणि त्याच संघात होता आपल्या मराठी मुलखातला अनिकेत जाधव. कोल्हापूरचा. जन्म जुलै 2000 चा. वडील रिक्षा चालवणारे. कोल्हापूरला फुटबॉलचं वेड म्हणजे काय ते ज्यांनी शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने बघितले त्यांना सांगायला नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशी नावं तिथं पेठापेठांत घराण्यासारखी सांगतात. पण निव्वळ वेडानं पोरगा भारताच्या संघात जात नाही. अनिकेत पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहिला, शिकला, तिथून वर गेला. म्हणजे त्यालाही घर सोडावंच लागलं.

आता मुद्द्यावर येतो. तो आपल्याच धंद्यातल्या शब्दांत सांगतो, म्हणजे लगेच कळेल.

जिरे आणून थेट धरणात ओतले तर काय होतं? मरळ खाते, पाण्यासोबत वाहून जातं, हाताला काहीच लागत नाही. म्हणून आधी लहान तळ्यात जिऱ्याचं बीज होऊ द्यायचं, मग बीजाची बोटुकली. बोटाएवढी झाली, अंगात पळायचं बळ आलं, की मग धरणात सोडायची. कटला असो, रोहू असो, मृगळ असो, नियम एकच. आणि उलटही खरं. बोटुकली तळ्यातच दाटीनं ठेवली तर ती वाढत नाही, खुरटते.

फुटबॉलचंही तेच आहे. सतरा वर्षांखालचा देशाचा संघ म्हणजे बीज. मोठा संघ, मोठे क्लब म्हणजे धरण. यांच्यामधलं तळं कुठं आहे, हा खरा प्रश्न आहे.

2017 च्या पोरांना ते तळं मिळालं होतं. नाव होतं इंडियन अॅरोज. महासंघाचा हा संघ आधी 2010 ते 2013 चालला, मग बंद पडला, आणि विश्वचषक संपल्यावर पुन्हा उभा केला. सगळी कोवळी पोरं. त्यांना आय-लीगमध्ये बाप्यांसमोर उतरवलं. हरले तरी खालच्या श्रेणीत ढकलायचं नाही, अशी सूट दिली. म्हणजे शिकायला पाणी, पण मरळीपासून थोडं राखण.

परिणाम बघा. 29 नोव्हेंबर 2017 ला गोव्यात पहिला सामना, समोर चेन्नई सिटी. अॅरोज 3-0 जिंकले. त्यातले दोन गोल सतरा वर्षांच्या अनिकेत जाधवचे. विश्वचषकात ज्याला तीन पराभव बघावे लागले, त्यानंच दीड-दोन महिन्यांत मोठ्या माणसांविरुद्ध दोन गोल केले. तो लगेच मोठा झाला असं नाही. त्याला चुकायला आणि परत उठायला जागा मिळाली, एवढंच.

चुकायचं म्हणतो तर तेही सांगतो. ऑगस्ट 2018, स्पेनमधली कोटिफ स्पर्धा. भारताचा वीस वर्षांखालचा संघ, समोर अर्जेंटिना. प्रशिक्षक फ्लॉइड पिंटो. दीपक टांगरीनं सुरुवातीलाच गोल केला. दुसऱ्या डावात 54 व्या मिनिटाला आपल्या अनिकेतला लाल कार्ड. संघ दहा जणांवर आला. घरी बसून बघणाऱ्यानं कपाळावर हात मारला असेल. पण त्या दहा जणांनी सोडलं नाही. अन्वर अलीनं फ्री किकवर दुसरा गोल केला, अर्जेंटिनानं एक फेडला, आणि भारत 2-1 जिंकला. समोर प्रशिक्षक कोण होता माहीत आहे? लिओनेल स्कालोनी. त्यानंच पुढं 2022 ला अर्जेंटिनाला थोरला विश्वचषक मिळवून दिला.

आम्हाला यातून एक दिसतं. अठराव्या वर्षी पोरगं चुकणारच. लाल कार्ड मिळालं म्हणून त्याला कुणी घरी पाठवलं नाही. 2019 मध्ये तोच अनिकेत इंग्लंडला ब्लॅकबर्न रोव्हर्सकडं काही महिने सरावाला गेला. हा क्लब पुण्याच्या कोंबडीवाल्या वेंकीजच्या मालकीचा आहे, म्हणजे बघा, खाण्याच्या धंद्यातला पैसाही खेळात जाऊ शकतो! मग जमशेदपूर, मग हैदराबाद. आपला मासा जातो त्याच हैदराबादचा क्लब. त्या संघानं 20 मार्च 2022 ला गोव्यात केरळला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली तेव्हा अनिकेत त्याच संघात होता. आणि त्याच महिन्यात तो भारताच्या थोरल्या संघाबरोबर मनामाला गेला, बहरीन आणि बेलारूसविरुद्धच्या सामन्यांसाठी. पुढं तो ओडिशाकडं गेला.

म्हणजे बैठकीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर असं. “कुठं गेले पोरं?” जॅक्सन सिंग भारताच्या थोरल्या संघात स्थिरावला. अन्वर अलीच्या हृदयात 2019 ला दोष सापडला, खेळू नको म्हणाले, गोष्ट दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि तो परत येऊन थोरल्या संघात खेळला. अमरजित 2019 ला थोरल्या संघातून खेळला. सुरेश, राहुल, धीरज मोठ्या क्लबांत खेळले. आणि काहींची नावं आज फारशी कानावर येत नाहीत. दोन्ही खरं आहे. सगळी बोटुकली कटला होत नाही, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत?

पण एक गोष्ट आम्हाला टोचते. 2022 मध्ये महासंघानं इंडियन अॅरोज बंद केला. खर्च होतो, निकाल येत नाहीत, असं म्हणणारे होते. आमचं म्हणणं, बोटुकलीच्या तळ्याकडून कुणी विक्रीचा माल मागतं का? तळ्याचा हिशोब तळ्यात होत नाही, तो दोन वर्षांनी धरणावर होतो. अॅरोजचा हिशोब बघायचा तर अॅरोजच्या गुणतक्त्यात नको, आजच्या थोरल्या संघाच्या यादीत बघा. तळं मोडलं ते चूक झालं, असं आम्हाला स्पष्ट वाटतं. क्लबांकडं पोरांचे संघ आहेत, पण क्लबाला आधी स्वतःचा सामना जिंकायचा असतो. अठरा वर्षांच्या पोराला बाकावर बसवणं त्याला सोपं जातं. बाकावर बसून कुणाचं अंग वाढत नाही.

आता आपल्या पोराकडं येऊ.

काही जण म्हणाले, आपण सीमेवरचे. घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दख्खनी. बाहेर पोरगं बावरेल. आमचं मत उलटं आहे. 2017 च्या त्या संघात मणिपूरचे आठ पोरं होते, एक कोल्हापूरचा, बेंगळुरूचा, पंजाबचा, केरळचा. एक नमित देशपांडे तर अमेरिकेत वाढलेला मराठी घरचा पोरगा. त्यांना एक भाषा कुठं होती? जो लहानपणापासून तीन भाषांत भाव करतो तो अशा ठिकाणी कमी नाही, जास्तच तयार आहे.

काही जण म्हणाले, नाही जमलं तर? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला “देव बघेल” हे उत्तर पुरत नाही. म्हणून आमचं म्हणणं तीन गोष्टींचं आहे.

एक. पोराला जाऊ द्या. चौदाव्या वर्षी तळं मिळतंय, ते सोडू नका. कोल्हापूरच्या रिक्षावाल्यानं आणि इंफाळच्या कोळणीनं सोडलं नाही.

दोन. शाळा सुटता कामा नये. वसतिगृहात शाळेची सोय काय, दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोण करणार, हे बापानं सही करण्याआधी विचारायचं. लाजायचं नाही. बीज घेताना आपण पिशवी उजेडात धरून बघतोच की! मग पोरगं पाठवताना का नाही?

तीन. हे आपलं, संस्थेचं. पोरगा गेला की त्या घरातला एक हात कमी होणार. हंगामात त्यांच्या जाळ्याला आठवड्यातून दोन दिवस आळीपाळीनं कुणीतरी हात द्यायचा. बुटांचा आणि येण्याजाण्याचा खर्च सभासदांनी वर्गणीनं उचलायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उद्या तो चार वर्षांनी परत आला, खेळात नाही जमलं म्हणून, तर “काय रे, झाला का मोठा खेळाडू?” असं कुणी बांधावर बसून विचारायचं नाही. परत आलेल्या पोराला पाण्यावर जागा असली पाहिजे. ती जागा आहे हे त्याला जाण्याआधी माहीत असलं पाहिजे. मग तो न घाबरता खेळेल.

अनिकेतला लाल कार्ड मिळालं तेव्हा बाकीच्या दहा जणांनी त्याची जागा पळून भरून काढली. आपल्याला तेवढंच करायचं आहे.

येत्या रविवारी सकाळी, माल उतरवून झाल्यावर, नेहमीच्या जागी बसू. पोराच्या आईवडिलांनाही बोलावलं आहे. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी जरूर यावं, समोर बोलावं. ज्यांना यायला जमणार नाही त्यांनी खाली लिहावं. आणि जो पहिला हात जाळ्याला देणार असेल त्यानं आपलं नाव आत्ताच सांगावं, म्हणजे बापाच्या मनावरचं ओझं रविवारच्या आधीच थोडं हलकं होईल.