भांडण अंड्यावरून, दोष चालण्यात



पोकेमॉन गो या मोबाइलवरच्या खेळाचा विषय निघाला की आपल्याकडे अजून अंड्यापाशीच गाडी अडते. 2016 साली गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती, की या खेळात हिंदू आणि जैन मंदिरांच्या जागी अंडी मिळतात, त्याने भावना दुखावतात. कोर्टाने सप्टेंबरमध्ये नोटिसाही काढल्या. एक पक्ष म्हणतो घोर पाप, दुसरा म्हणतो चित्रातलं अंडं, त्यात कुठला जीव!

चित्रातलं म्हणून सुटका, हे मला मान्य नाही. यशोधर राजाने आणि त्याच्या आईने पिठाचाच कोंबडा बळी दिला होता, तरी पुढे मोराचा आणि कुत्र्याचा जन्म आलाच, कारण भाव मारण्याचा होता. पण हीच कसोटी लावली तर अंडं सुटतं. खेळात ते खायचं नसतं; दोन, पाच, दहा किलोमीटर चालून उबवायचं असतं. (प्राण्यांना चेंडूत कोंडणं मला जास्त खुपतं. बंध हा अहिंसाणुव्रताचा अतिचार आहे, त्यावर कोणी बोलत नाही.)

खरा दोष त्या चालण्यात आहे. ईर्यासमिती म्हणजे चार हात पुढची जमीन पाहत चालणं. आमच्या मारुंजीत पावसाळ्यात रस्त्यावर गांडुळं, गोगलगायी येतात, शेजारून काँक्रीटचे मिक्सर धावतात, आणि पोरांची नजर स्क्रीनवर. ना जीवांची जयणा, ना स्वतःची. मंदिराच्या दारात 'निसीही' म्हणून आपण संसार बाहेर ठेवतो; हा खेळ मंदिरालाच आपला थांबा करतो.

आता हिशेब, कारण शिक्षण कॉमर्सचं. 2016 मध्येच जपानात मॅकडोनाल्ड्सची सुमारे 3000 दुकानं खेळात आली, भारतात जिओशी करार होऊन रिलायन्स डिजिटलची आली. तो धंदा, करार करून केलेला. मंदिरं मात्र खेळाडूंनी सुचवली म्हणून नकाशावर चढली. विश्वस्तांना विचारलं कोणी? 2025 मध्ये निअँटिक कंपनीने आपला खेळांचा धंदा साडेतीन अब्ज डॉलरला विकला. आपल्याला त्यातला रुपया नकोच, पण परवानगी तरी मागायची!

जागा काढून टाकण्याची विनंती कंपनीकडे करता येते. पर्युषणाआधी प्रत्येक संघाच्या विश्वस्तांनी ती करावी. आणि आंगीचे फोटो काढायला गाभाऱ्याकडे मोबाइल रोखून उभ्या राहणाऱ्या बायकांनी तोवर नातवंडांना उपदेश करू नये.