चूक दोघांची, तर भरपाई किती?

मैत्रिणींनो, परवा आमच्या उलव्यातल्या शेजारच्या वहिनी रडवेल्या होऊन आल्या. यजमानांच्या स्कूटरला कंटेनरची धडक बसली, पाय मोडला. कंटेनरच्या विमा कंपनीचा माणूस म्हणतो, "हेल्मेट नव्हतं, चूक तुमचीही. देतो तेवढे घ्या, इथे सही करा."

म्हटलं, वहिनी, घाईने सही नको! आपली थोडी चूक असली तरी भरपाई बुडत नाही. आपल्या वाट्याइतकीच कापली जाते. 10 लाखांत आपला वाटा 30 टक्के ठरला, तर 7 लाख मिळतात. आणि हा वाटा कंपनी नव्हे, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं.

सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली सांगितलंय, मोटारसायकलवर तिघे बसले एवढ्यानेच दोष लागत नाही. त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली, हे दिसायला हवं. मग मोडलेल्या पायाचा हेल्मेटशी काय संबंध?

एफआयआर, पंचनामा, दवाखान्याची बिलं जपून ठेवा. अर्ज सहा महिन्यांच्या आत करा. तो आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो.

आणि हो, हेल्मेट मात्र घालायला लावाच. पैशाने पाय सांधतो, डोकं नाही!