पोरांच्या कानातले हेडफोन काढू नका!

गावातल्या काही जाणत्यांचं ठरलेलं वाक्य : "पॉडकास्ट ऐकून कुणी लेखक होतो का?" स्पष्टच बोलतो, मदत नक्की होते. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, द. मा. मिरासदार यांनी गावोगावी कथाकथन केलं, तेव्हा लोकांनी कथा कानानंच घेतली ना? वाक्य कुठं तोडायचं, कुठं थांबायचं, हे ऐकूनच कळतं.

कथालेखनाच्या कार्यशाळा पुण्या-मुंबईत. उमरखेडच्या पोरापोरींना तिथलं भाडं कोण देणार? २०१९ ला साहित्य संमेलन यवतमाळात आलं, तीन दिवसांत मांडव उठला. पॉडकास्ट मात्र नेटपॅकच्या पैशात रोज ऐकता येतो.

पण पोरांनो, तुम्हालाही सांगतो. ऐकून ऐकून पुणेरी लिहू नका. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ला आली ती वऱ्हाडी बोली घेऊन, अन् आजही वाचली जाते. तंत्र पॉडकास्टचं घ्या, बोली आपल्या बसस्टँडवरची, बाजारातली ठेवा. स्वतःची कथा मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. खोटा संवाद लगेच कानाला खुपतो.

आणि वाचनालयं चालवणाऱ्यांनो, महिन्यातून एक संध्याकाळ या पोरांना खुर्च्या अन् स्पीकर द्या. भाषणं नंतर करू.